गोळीआधी जनुकतपासणी

प्रश्न : कार्बामाझेपिनने मुलाच्या मावशीच्या अंगावर फोड येऊन कातडी सोलवटली होती. आता फिट्ससाठी मुलालाही तेच लिहून दिलंय. द्यावं का?

उत्तर : तपासणीआधी नको. मावशीचा त्रास डॉक्टरांना आजच सांगा आणि ‘एचएलए-बी*१५:०२’ या जनुकप्रकाराची तपासणी करता येईल का, विचारा. २००४च्या तैवानमधल्या अभ्यासात अशा ४४ पैकी ४४ रुग्णांत हा जनुकप्रकार सापडला होता. रक्त एकदाच द्यायचं. जनुकं बदलत नाहीत. तो प्रकार आढळला तर फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिन ही फिट्सची इतर औषधंही शक्यतो टाळतात.

निगेटिव्ह आलं तरी निर्धास्त राहू नका, कारण ‘एचएलए-ए*३१:०१’सारखे इतर प्रकारही असतात. पहिले दोन महिने जपा. ताप, डोळ्यांची चुरचुर, गिळताना दुखणं हे पुरळाच्या आधीच सुरू होऊ शकतं. तसं दिसलं तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय गाठा.