सिंगापूरच्या काकूंना विचारा : सुरूच्या बनातला रविवार

काकू, नमस्कार. आम्ही मार्चमध्ये नाशिकहून सिंगापूरला आलो. नवरा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी नाशिकला कॉलेजात शिकवत होते. इथे नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर आहे, म्हणजे घरीच. मुलगा पाच वर्षांचा. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही प्राणिसंग्रहालय, सेंटोसा, मरीना बे सगळं पाहून घेतलं. आता शनिवार-रविवार मॉल, फूड कोर्ट आणि घर. मुलगा विचारतो, "आपण नाशिकला परत कधी जायचं?" डिसेंबरमध्ये सासू-सासरे दोन महिन्यांसाठी येताहेत. ते श्रीवर्धनचे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. रोज त्यांना कुठे न्यायचं, या विचारानेच छातीत धस्स होतं.
— एक आई, पंगोल

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाचं वाक्य वाचून थांबले, कारण माझी लेक चार वर्षांची असताना हेच विचारायची. फक्त नाशिकच्या जागी सांगली.

तू म्हणतेस, सगळं पाहून झालं. मला सांग, नाशिकला असताना तू गंगेवर किती वेळा गेली असशील? शेकडो वेळा. "गंगा पाहून झाली" असं कधी म्हणालीस का? तू जी संपवलीस ती पाहुण्यांची यादी आहे. आणखी दहा ठिकाणं शोधलीस तर दहा आठवड्यांनी तीही संपतील. म्हणून माझं सांगणं एवढंच : घराजवळची एक जागा धर आणि दर रविवारी तिथेच जा. पोराला तिथलं एखादं झाड, एखादा दगड ओळखीचा झाला पाहिजे.

तुला तर ती जागा शोधावीही लागणार नाही, कोनी आयलंड तुझ्या दारातच आहे. पंगोल पॉइंटच्या बाजूने सायकलने जाता येतं. सकाळी सातला फाटक उघडतं, संध्याकाळी सातला बंद होतं, तिकीट नाही. आणि आत काय आहे माहितीये? सुरूचं बन. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर असतं तसंच. वारा सुटला की तोच सूं आवाज, पायाखाली तीच वाळलेली तपकिरी काडी. समोर खाडीपलीकडे मलेशियाचा जोहोर दिसतो. सासऱ्यांना पहिल्या दिवशी दुसरीकडे कुठेही नेऊ नकोस, इथे आण आणि काही न बोलता बसू दे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. आत प्यायचं पाणी मिळत नाही, त्यामुळे बाटल्या भरून घे. आणि वाळूवर बारीक माशा असतात, त्या चावल्या की चार दिवस खाज जात नाही. पोराला लांब पँट घाल आणि वाळूवर फार वेळ बसू देऊ नकोस.

आता सासू-सासऱ्यांचं. २००७ साली माझ्या सासूबाई गुहागरहून आल्या, तेव्हा मीही तुझ्यासारखीच धास्तावले होते. पहिले तीन दिवस त्यांना उंच इमारती, कारंजी, रोषणाई दाखवली. "छान आहे हो" म्हणायच्या आणि घरी येऊन पाय चेपत बसायच्या. चौथ्या दिवशी माझ्याकडे बेतच नव्हता. आम्ही पासीर रिसला राहतो. तिथल्या बागेत खारफुटीचं छोटं जंगल आहे, त्यातून लाकडी फळ्यांची वाट जाते. चढ नाही, पायऱ्या नाहीत. लेक शाळेतून यायची होती, तेवढ्यात एक फेरी मारू म्हणून त्यांना घेऊन गेले.

ओहोटी होती. दोन्ही बाजूंना काळा चिकट चिखल उघडा पडला होता आणि त्यातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी वर आली होती. सासूबाई एकदम थांबल्या, कठडा धरला आणि म्हणाल्या, "अगो, ह्या तर निवट्या!"

मी सांगलीची, मला काहीच दिसेना. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा दिसलं. चिखलाच्याच रंगाचा, वीतभर लांबीचा मासा. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. पुढच्या दोन परांवर तो कोपर टेकल्यासारखा रेलून बसला होता आणि गाल फुगलेले. आम्ही हललो तशी त्याने शेपटी आपटली आणि उडी मारून बिळात गेला. सासूबाई तिथे तासभर उभ्या होत्या. लहानपणी खाजणात गुडघाभर चिखलात उतरून बिळात हात घालून निवट्या कशा पकडायच्या, कोणत्या बिळात हात घालायचा नाही, घरी आईने त्यांचं कालवण कसं केलं, हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती! दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी चहा झाला की चपला घालून तयार असायच्या. लेकही शाळेला सुट्टी असली की मागे लागायची, आजी, निवट्या बघायला.

तेव्हा तुझ्या सासऱ्यांना खारफुटीत आणायला विसरू नकोस. फक्त ओहोटीच्या वेळी यायला हवं, आणि वेळ काढायचं काम त्यांच्याकडेच दे. श्रीवर्धनचा माणूस तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. तिकडचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडणार नाही, पण उधाण इथेही पुनवे-अवसेलाच आणि भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, अष्टमीच्या सुमारालाच. नातवाला शेजारी बसवून, वहीत रोजच्या वेळा मांडून आजोबांनी इथलं गणित बसवायचं. दोन महिन्यांत चार उधाणं मिळतील. गुडघेदुखीच्या माणसाला हातात काम लागतं, त्याला केवळ "आराम करा" म्हणू नये.

सासूबाईंसाठी बोटॅनिक गार्डन्स. १८५९ पासूनची बाग आहे, २०१५ मध्ये जागतिक वारशात गेली, पण मी तिथे न्यायला सांगते ते कैलासपतीच्या झाडासाठी. खोडालाच लागलेली ती फुलं, आत पिंडीवर नागाचा फणा धरल्यासारखी. त्याच बागेत टेंबुसूचं एक जुनं झाड आहे, एक फांदी जमिनीलगत आडवी पसरलेली. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेमागे तेच झाड छापलंय. मुलाच्या हातात नोट दे आणि म्हणावं, शोध हे झाड.

डिसेंबरात इथे पाऊस असतो, बहुतेकदा दुपारनंतर. बाहेर पडायचं ते सकाळी. विजा कडाडायला लागल्या की झाडाखाली थांबू नका, पक्कं छप्पर गाठा. परतताना हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, थांबायचं. सासूबाईंना म्हणावं, "तेह हालिया" मागा. आलं घातलेला दुधाचा चहाच तो. इथे गोड फार करतात, म्हणून पुढे "सिऊ दाई" म्हणायचं, म्हणजे साखर कमी. स्वतः मागू दे त्यांना. माझ्या सासूबाईंनी आठवड्याभरात शिकून घेतलं होतं आणि तो चहावाला काका त्यांना पाहिलं की "हालिया!" असं हाक मारायचा. चहा झाला की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, हा नियम मात्र आधी सांगून ठेव. मासे घ्यायला लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला सकाळी लवकर जा. बांगडा मिळतो, कढीपत्ता मिळतो, आणि श्रीवर्धनकर माशाचा कल्ला उघडून बघायला लागले की तिथल्या कोळणीही खूश होतात.

राहता राहिलं तुझ्या नोकरीचं. तू ते एका ओळीत उरकलंस, पण मला ते सगळ्यात जड वाटलं. २०२१ च्या मे महिन्यापासून डिपेंडंट पासवर असलेल्यांना नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. त्यामुळे तुझ्यासारख्या शिकवणाऱ्या, कमावणाऱ्या कितीतरी जणी घरी बसल्या आहेत. सुरूच्या बनात जाऊन ते दुःख जाणार नाही, आणि जाईल असं मी म्हणणारही नाही. तू काय शिकवत होतीस ते लिही. त्यावर पुढच्या अंकात वेगळं बोलू.

*

काकू, आम्ही जुरोंगला राहतो. मुलगी सहा वर्षांची, आई पासष्टची. पुलाऊ उबीन बेटावर जायचं म्हणतोय. होडीचा प्रवास आहे, रानडुकरं आहेत असं ऐकतो. दोघींना घेऊन जावं का?
— एक बाबा, जुरोंग

जरूर जा, पण दिवस मोकळा ठेवा. तुम्ही सिंगापूरच्या पश्चिम टोकाला आणि होडी सुटते पूर्वेला चांगी पॉइंटवरून. तिथे पोचायलाच दीड तास लागेल. होडी लाकडी, बारा माणसं झाली की सुटते. माणशी चार डॉलर, सुटे रोख घेऊन जा. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं. आईंना चढता-उतरता हात द्यावा लागेल, बाकी काही अवघड नाही.

उतरल्यावर छोटं गाव लागतं. पत्र्याची छपरं, अंगणात कोंबड्या, नारळ, फणस. इथे आता मोजकीच माणसं राहतात. एके काळी बेटावर ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, त्या बंद पडल्या आणि त्यांत पाणी साचून तळी झाली. मुलीसाठी सायकल भाड्याने घ्या आणि ब्रेक स्वतः दाबून बघा. आईंसाठी गावातून व्हॅन ठरवा, चेक जावाच्या किनाऱ्यापर्यंत त्या चालू शकणार नाहीत.

चेक जावा तुम्ही बघावंच, असं मला मनापासून वाटतं. समुद्रात भराव घालून ही जागा बुजवायचं सरकारने ठरवलं होतं. २००१ मध्ये लोक ओहोटीला तिथे उतरले, तारामासे, खेकडे, समुद्री गवत मोजलं, नोंदी केल्या, सरकारपुढे ठेवल्या. वर्ष संपता संपता भरावाचं काम थांबलं. तुमची लेक कठड्यावरून खाली वाकून जे खेकडे बघेल, ते अशा लोकांमुळे अजून आहेत. हे तिला तिथेच उभं करून सांगा. निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ आणि फळ्यांची वाट सगळी चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

रानडुकरं असतात. ती सहसा आपल्या वाटेला जात नाहीत. माकडं मात्र प्लास्टिकच्या पिशवीवर झडप घालतात, म्हणून डबा पाठपिशवीत ठेवा आणि कशालाही खायला घालू नका. आणि वर बघत चला. सिंगापुरातून दिसेनासा झालेला धनेश १९९४ मध्ये याच बेटावर परत दिसला. आता जोडीजोडीने दिसतात. पंखांचा आवाज आधी येतो.

*

काकू, मुलीला इथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला. मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही म्हणतात. हिंदी घ्यावी लागेल. तिची मराठी सुटेल का?
— सेंगकांगची वाचक

खरं आहे. शाळेत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा चालतात, मराठी त्यांत नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पण हिंदीमुळे देवनागरी आयती हाताशी येते, हे विसरू नका. माझ्या लेकीला मी वेगळी मुळाक्षरं शिकवली नाहीत. फक्त "ळ" शिकवला, आणि "चार" मधला च आणि "चमचा" मधला च वेगळा, हे. पोळी, डोळा, आभाळ, बाळ असे शब्द आम्ही बसमध्ये खेळत शोधायचो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तिला नाटुकल्यात उभी करा. पाठ केलेली वाक्यं तोंडात राहतात.

आणि रोजचा फोन. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. इथे आठला मूल अंथरुणात शिरतं, तेव्हा तिकडे साडेपाच वाजलेले असतात, आजीचा चहा झालेला असतो. गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही. माझी आई सांगलीहून फोनवर सांगायची. तेव्हा कार्ड खरवडून आकडे दाबावे लागत आणि मिनिटं मोजावी लागत. गोष्ट अर्ध्यावर आली की शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायची. आई म्हणायची, "थांब गं, गिरणी बंद होऊ दे," आणि लेक फोन कानाला लावून ती घरघर ऐकत पडायची. पुष्कळदा गिरणी थांबायच्या आत ती झोपलेली असे.