तपासणी अहवालानंतर मिळणारी ३ टक्के सूट घ्यावी का?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. पहिलंच घर घेतोय. घर दुमजली, सुमारे ३० वर्षं जुनं आहे. किमतीच्या ८० टक्के कर्ज मंजूर झालंय, २० टक्के आमचे. सगळे सरकारी खर्च भागवून हातात किमतीच्या ५ टक्क्यांइतकी शिल्लक राहील. घराची तपासणी करून घेतली, तर तळमजल्याच्या एका भिंतीला ओल, खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला तिरका तडा, जुना वीजबोर्ड, १४ वर्षांचा टाकीचा गीझर आणि बारीकसारीक वीसेक गोष्टी निघाल्या. मालक म्हणतात, ३ टक्के कमी करतो, पण आठवड्याभरात होकार द्या आणि नंतर काही उकरून काढू नका. तपासनीस म्हणतो, तडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. म्हणजे पुन्हा फी. ओलीचं काम मात्र तो स्वतःच करून द्यायला तयार आहे. काय करावं?

उत्तर: आज या ३ टक्क्यांना होकार देऊ नका. घर सोडून द्या असंही मी म्हणत नाही. आधी तडा आणि ओल कशामुळे आहेत ते शोधा, किमतीचं बोलणं त्यानंतर.

असं का म्हणतो ते आकड्यांत सांगतो. घराची किंमत १०० धरा. त्यातले ८० बँकेचे, २० तुमचे. ३ टक्के सूट मिळाली की किंमत ९७. बँक सहसा प्रत्यक्ष किमतीवरच टक्केवारी लावते, म्हणजे कर्ज ७७.६ आणि तुमचा वाटा १९.४. तुमच्या खिशात आज वाचले फक्त ०.६. बाकीचे २.४ कर्जातून वजा झाले, ते पुढची कितीतरी वर्षं हप्त्यांमधून थोडे थोडे परत येणार. दुरुस्तीचं बिल मात्र पहिल्या काही महिन्यांतच येतं आणि तेही रोख. काम ३ मध्ये निभावलं तर तुमची ५ ची शिल्लक, वाचलेले ०.६ धरूनही, २.६ वर येते. तेच काम ६ वर गेलं तर शिल्लक संपून वर उसनवारी. सूट कागदावर खर्चाइतकी दिसली तरी रोकड तितकी सुटत नाही, आणि तुमच्याकडे कमी आहे ती रोकडच.

म्हणून काम ३ चं आहे की ६ चं, हे कळणं तुमच्यासाठी सूटीपेक्षा मोलाचं आहे. इंजिनिअरची फी त्यासाठीच द्यायची. ही दुबार फी वाटते हे समजू शकतं, पण घराची तपासणी म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढ्याची पाहणी. तपासनीस भिंत फोडत नाही, जड सामान हलवत नाही. त्याचं काम फॅमिली डॉक्टरसारखं: शंका आली की योग्य माणसाकडे पाठवणं. तुमच्या तपासनीसाने तड्याबाबत नेमकं तेच केलं, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून निघणारे केसासारखे तडे बहुतेक घरांत असतात. प्लास्टर आकसलं, तापमान बदललं, की येतात. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गवारीत साधारण ५ मिलिमीटर रुंदीपर्यंतचे तडे किरकोळ समजले जातात, १५ ते २५ मिलिमीटरचे गंभीर. पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. तडा वर रुंद आणि खाली निमुळता आहे का? विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढतोय का? त्याच जागी बाहेरच्या बाजूलाही दिसतोय का? जवळचं दार चौकटीत अडकतंय का? यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पाया एका बाजूने खचत असण्याची शक्यता धरावी लागते. तड्याच्या आत जुना रंग शिरलेला असेल तर तो जुना आणि बहुधा थांबलेला असतो. कडा ताज्या, धारदार असतील तर अजून हालचाल चालू असू शकते. हे फोटो काढून इंजिनिअरला आधीच पाठवा. त्याच्याकडून लेखी हवं ते इतकंच: तडा वाढतोय का, कारण काय, आणि दुरुस्तीचा खर्च कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती.

ओलीचं तसंच आहे. भिंतीवर पांढरे क्षार फुटले असतील तर पाणी भिंतीतून प्रवास करतंय, एवढं नक्की. ते कुठून येतंय यावर खर्च ठरतो. पागोळ्यांचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच पाणी ओतत असेल किंवा अंगणाचा उतार घराकडे असेल, तर काम स्वस्तात होतं. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत घरापासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार बाहेरच्या दिशेने मागितलाय, तो इथेही चांगला मापदंड आहे. ओल जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सरळ पट्ट्यात असेल तर जोत्यातून पाणी चढत असावं, ते काम मोठं. भिंतीत गाडलेला पाइप गळत असेल तर तिसरीच गोष्ट. त्याची एक परीक्षा फुकट आहे: घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. एक सावधगिरी: क्षार असलेल्या भिंतीवर ओल मोजायचं यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं, आणि थर्मल कॅमेरा ओल दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. नुसत्या त्या चित्रांवर कुणी मोठं अंदाजपत्रक दिलं तर थांबा.

तपासनीसाकडूनच ओलीचं काम करून घेऊ नका. तो माणूस प्रामाणिक असेलही. पण दोष शोधणाऱ्याच्या हातातच दुरुस्तीचं बिल असलं की दोष केवढा मोठा, हे तुम्हाला निःशंकपणे कधीच कळणार नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स या संस्थेच्या आचारसंहितेत तर तपासणीनंतर वर्षभर त्याच घराच्या तपासलेल्या भागांची दुरुस्ती पैसे घेऊन करायला मनाई आहे.

वीजबोर्ड आणि गीझर यांचा खर्च आजच कळू शकतो, त्यामुळे ते सोपे. टाकीचा गीझर ८ ते १२ वर्षं चालतो असं धरतात. तुमचा १४ वर्षांचा, म्हणजे नवीन घ्यायचाच समजा. बोर्डाला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आणि धड अर्थिंग नसेल तर राहायला जाण्याआधीच ते करा. जिवाचा प्रश्न आहे, इथे घासाघीस नको. ही दोन्ही कामं मालकांनी ताबा देण्याआधी परवानाधारक माणसाकडून करून द्यावीत, असं मागा. झालं की नाही हे तपासता येतं आणि तुमची रोकडही वाचते.

तडा आणि ओल मात्र मालकांकडे दुरुस्तीला देऊ नका. घर विकून निघालेला माणूस स्वस्तातला उपाय करणार आणि वर रंग मारणार. त्यात कपट असतंच असं नाही, पण पुढची २० वर्षं तिथे राहायचंय ते तुम्हाला. त्यासाठी किंमत कमी करून घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे रकमेचा एक भाग काम पूर्ण होईपर्यंत वकिलाकडे किंवा दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडे ठेवायचं लेखी ठरवा. बँकेला हे आधी सांगा. बँकेपासून लपवलेला कोणताही तोंडी व्यवहार नको.

ती बारीकसारीक वीस कामं मालकांसमोर काढूच नका. गळका नळ आणि सैल कडी यांवरून वाद घातला की तड्याचं गांभीर्य हरवतं.

मुदतीबद्दल: इंजिनिअरच्या भेटीपुरती मुदत लेखी वाढवून मागा. "नंतर काही उकरून काढू नका" ही अट मान्य करू नका, या प्रस्तावातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव काढतील, पण त्या गिऱ्हाइकालाही तोच तडा दिसणार आहे.

थांबायचं कुठे, ते आताच दोघांनी बसून ठरवा. इंजिनिअरने सांगितलेल्या जास्तीत जास्त खर्चात आणखी चौथा हिस्सा मिळवा. तेवढं खर्चून हातात किमान ६ महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च उरत असेल, तर घर घ्या. उरत नसेल आणि मालक रक्कम राखून ठेवायलाही तयार नसतील, तर नाही म्हणा. आतापर्यंत दिलेली फी या हिशेबात धरू नका. इंजिनिअर येईल तेव्हा दोघांपैकी एकाने तिथे हजर राहा. त्याचे दोन्ही आकडे, महिन्याचा घरखर्च आणि कर्जाचा व्याजदर कळवलात तर पुढचं गणित मांडून देतो.