बाबांची जुनी चेतक स्कूटर घरीच दुरुस्त करून परत चालू करायची आहे. हत्यारं कोणती घेऊ आणि पार्ट कुठून आणू?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९८८ ची आहे, मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, किक बसते पण इंजिन पकडत नाही, आणि सुरुवात म्हणून १०८ नगांची एक टूल किट ऑनलाइन बघून ठेवली आहे. ती किट घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

मी भांडुपच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. घरची एक चेतक आणि मेव्हण्याची एक, अशा दोन स्कूटर आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली खोलून परत जोडल्या आहेत. दुसरी पहिलीच्या निम्म्या खर्चात झाली, कारण पहिल्या वेळी मीही आधी हत्यारं घेतली आणि मग गाडी उघडली.

त्या १०८ नगांतले निम्मे म्हणजे बारीक बिट. तुमच्या स्कूटरला ते कुठेच लागणार नाहीत. तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार आहे तो ११ चा पाना. ही गाडी मुळात इटालियन व्हेस्पाच्या घराण्यातली, त्यामुळे हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आणि इंजिन केसचे स्टड (केसमध्ये रुतवलेले, डोकं नसलेले बोल्ट) ७ मिमीचे आहेत आणि त्यांच्यावर ११ चं नट बसतं. एरवी ६ मिमीच्या बोल्टला १० चा पाना आणि ८ मिमीला १३ चा, असाच आपला हात बसलेला असतो. ७ मिमी मध्येच कुठून आला म्हणून नवा माणूस गोंधळतो आणि १२ चा पाना लावून बघतो. तिथेच नटाचे कोपरे जातात.

माझे असेच गेले. फरक इतकाच की पाना ११ चाच होता, पण स्टेशनबाहेरच्या पथारीवरून घेतलेला, आरशासारखा चकचकीत. हेडचं तिसरं नट हलेना म्हणून पान्याला हातभर पाइप लावला आणि जोर दिला. आधी पान्याचं तोंड फाकलं, मग नट गोल झालं. मग मी व्हाइस ग्रिपने पकडून पिरगाळलं आणि स्टड केसच्या तोंडाशी कट्कन तुटला. इंजिन गोणपाटात गुंडाळून रिक्षाने लेथवाल्याच्या गाळ्यावर नेलं. त्याने स्टडकडे पाहिलंही नाही. पाना हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "फिटर ना तुम्ही? हा पाना आहे की उलथणं?" कारखान्यात कंपनीची हत्यारं वापरायची सवय, घरी मात्र स्वस्तात भागवायला गेलो. तुटका स्टड काढून, आटे साफ करून नवा बसवायला जे पैसे गेले, त्यात चांगले दहा रिंग पाने आले असते.

म्हणून पाने सुटे घ्या. ८, १०, ११, १३, १४, १७, १९ एवढे रिंग पाने आणि प्लगसाठी २१ चा बॉक्स पाना. एका पान्याच्या दोन टोकांना दोन मापं येतात, १०-११, १२-१३ अशी. ११ आणि १३ ची गोटी (सॉकेट) मात्र वेगळी घ्या, आणि ती सहा कोनांची. बारा कोनांची गोटी नटाला कोपऱ्यात धरते, त्यामुळे गंजलेल्या नटावर ती हमखास सटकते. सहा कोनांची सपाट बाजूवर जोर देते. टापरियाचे पाने घेतलेत तरी घरच्या कामाला जन्मभर पुरतात, परदेशी ब्रँडच्या मागे लागायची गरज नाही.

ठिकाण म्हणाल तर नागदेवी स्ट्रीट. मस्जिद बंदरला उतरून चालत जा. रविवार सोडून जा आणि दुपारी हातगाड्यांची गर्दी होण्याआधी जा. तिथे एकेक पाना सुटा मिळतो आणि हातात धरून बघता येतो. पान्यात नट घालून हलवून बघायचं असेल तर नट खिशात घेऊन जा. दुकानदार हसणार नाही, उलट माणूस कामाचा आहे हे ओळखून दुसऱ्या फळीवरचा माल काढेल.

याशिवाय इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर घ्या, मागे हातोडी मारली की टोक फिरतं तो. मॅग्नेटच्या (इंजिनच्या बाजूला फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) मागच्या प्लेटचे स्क्रू इतकी वर्षं हललेले नसतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांच्या खाचा उडतात. सर्क्लिप प्लायर (खाचेतली स्प्रिंगची रिंग काढायला), फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) आणि जमलं तर व्यास-जाडी मोजायला एक साधा व्हर्नियर. गंज सोडवायचा स्प्रे आणा, पण तो मारून लगेच पाना लावू नका. तीन दिवस रोज संध्याकाळी मारत राहा.

दोन हत्यारं विकत न घेता उसनी आणा: मॅग्नेट पुलर आणि क्लच पुलर, म्हणजे ते भाग ओढून काढायची हत्यारं. वर्षात एकदा लागणारी वस्तू कशाला घरात ठेवायची? मुलुंड-भांडुपच्या बाजूला कुठल्याही जुन्या स्कूटर मेकॅनिककडे ती असतात, चहापाण्यावर काम होतं. मात्र पुलर मिळाला नाही म्हणून मॅग्नेट काढायला क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर हातोडी मारू नका. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. एका फटक्यात तो वाकडा होतो आणि मग इंजिन सुरू झालं तरी आयुष्यभर थरथरतं.

आता पार्ट. ऑनलाइन ‘चेतक’ टाकलंत तर निम्मे रिझल्ट २०२० नंतरच्या इलेक्ट्रिक चेतकचे येतील, त्यामुळे फोटो नीट बघा. आणि कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी जुना काढून हातात घ्या. जुना न दाखवता आणलेला पार्ट मी आजवर दोनदा तरी परत करायला गेलो आहे. लाइट कॉइल आणि बल्ब घेताना तर आधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, ते बघा. या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार फिरतात, आणि इतक्या वर्षांत कुणी काय बदललंय हे कागदपत्रांवर लिहिलेलं नसतं.

बेअरिंग ‘चेतकचं द्या’ म्हणून मागू नका. जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो सांगा. उदाहरणार्थ ६२०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ४७ आणि जाडी १४. हे माप जगात सगळीकडे एकच. नंबरच्या पुढे सी३ लिहिलेलं असेल तर तेही सांगा. सी३ म्हणजे आत जास्तीची ढिलाई, गरम होणाऱ्या जागी ती मुद्दाम दिलेली असते. बेअरिंगमध्ये नकली माल इतका आहे की मी ते फक्त कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घेतो. ऑइल सीलचंही (तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्याचं) तसंच, त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात.

खरा पैसा या सीलवर खर्च करा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंना सील असतं आणि बंद पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा तेच सुकून कडक झालेलं असतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी ऍक्सिलरेटर सोडला तरी ओरडत राहते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. मी पहिल्या वेळी लोकल सील टाकलं होतं. पावसाळा संपायच्या आत ते पेट्रोलने फुगलं आणि सगळं इंजिन परत खाली उतरवावं लागलं. सील चाळीस रुपयांचं होतं, मजुरी माझीच, पण तीन रविवार गेले.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. म्हणून पेट्रोल पाइप, कार्बोरेटरची पॅकिंग आणि फ्लोट नीडल कितीही चांगली दिसली तरी बदला. सील व्हिटनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) मिळालं तर तेच घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि मुंबईत पावसाळ्यात हवेत पाणीच असतं. जून ते सप्टेंबर टाकीत पेट्रोल भरून गाडी उभी ठेवू नका. टाकी गंजली असेल तर पांढरं व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवा, मूठभर छोटे नट टाकून हलवा, मग पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. वेल्डिंगवाला ‘लगेच टाका मारून देतो’ म्हणाला तर टाकी उचलून घरी या. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते. आणि पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळायला विसरू नका. हे बावळटासारखं सांगतोय, पण ऍक्टिव्हा चालवत मोठे झालेले लोक विसरतात.

पिस्टन बदलायची वेळ आली तर आधी पिस्टन आणा, मग तो घेऊन रिबोरला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) जा. सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाने कापायचा असतो. उलटं केलंत तर बोर एक आणि पिस्टन भलताच.

दिसायच्या वस्तूंसाठी, म्हणजे बॅज, स्पीडोमीटर, जुना हॉर्न, चोर बाजार. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जो बाजार भरतो, तिथे मला मेव्हण्याच्या गाडीचं मूळ हँडल लॉक किल्लीसकट मिळालं. किल्ली त्या लॉकची नव्हती, हे घरी आल्यावर कळलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मुख्यतः कारचा माल असतो, तुमचं तिथे काम नाही. आणि नवा लोकल पत्रा मिळतो म्हणून जुनी डिकी भंगारात देऊ नका. जुन्याचा पत्रा जाड असतो, डेंट काढता येतो. नवी डिकी कडेला बोटभर फट ठेवून बसते आणि मग पेंटर लांबी (पुट्टी) भरतो.

चाकाचं एक आधीच सांगतो. रिम दोन भागांची, नट-बोल्टांनी जोडलेली आहे. रिमचे जोड नट सोडवायच्या आधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिनही काढा. हवा भरलेली असताना ते नट सोडवले तर अर्धी रिम तोंडावर येते. हे मी चेष्टेत सांगत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ते झालं नसेल तर पार्टवर पैसे घालण्याआधी आरटीओत चौकशी करा, आणि रंगाच्या वेळी चेसिस नंबरवर लांबी किंवा ग्राइंडर जाऊ देऊ नका.

आता हत्यारं सोडा आणि येत्या रविवारी फक्त एक करा. पाय ठेवायच्या जागेची रबरी मॅट आणि पट्ट्या काढा. या गाडीला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचं शरीर हाच तिचा सांगाडा. त्या मॅटखाली पाणी साचून मुंबईतल्या गाड्यांचा फूटबोर्ड आतून कुजतो, वर रंग शाबूत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर ११ चा पाना आणायला निघा. टोक आत गेलं तर खालून आणि वरून एकेक फोटो इथेच टाका, इंजिन राहू दे, आधी पत्र्याचं बोलू.