डोळा लाल झाला की आधी बाटलीवरचं नाव वाचा

या महिन्यात डोळ्यांबद्दलची वाचकांची पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि सगळी वाचून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली. आजार वेगवेगळे आहेत, पण बहुतेक पत्रांत कुठंतरी मेडिकलवरून आणलेला एक ड्रॉप आहे. कुणी स्वतःसाठी आणला, कुणी शेजारणीचा उरलेला घातला, कुणी मागच्या उन्हाळ्यातला. म्हणून यावेळी उत्तरं जरा मोठी झालीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम नमस्कार, उसाला पाणी द्यायला गेलतो तवा पात डोळ्याला लागली. पाणी यायलं म्हणून गावातल्या मेडिकलवरून ड्रॉप आणला, दोन दिवस लई बरं वाटलं, लाली बी गेली. आज पाचवा दिवस आहे, डोळा परत लाल झाला, उजेडाकडं बघवंना आणि बायको म्हणायली काळ्यावर पांढरा ठिपका दिसायलाय. ड्रॉप चालूच ठेवू का?
— एक शेतकरी, ता. गेवराई

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात फोन नंबर होता म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही लगेच दवाखान्यात गेलात, बरं केलंत. तरी इथं छापतेय कारण ऊसतोड, कापूस वेचणी, तुरीची काढणी, सोयाबीनची मळणी, या दिवसांत असे पेशंट सारखे येतात आणि त्यातले बरेच उशिरा येतात.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखं एक पारदर्शक आवरण असतं, त्यालाच इथं बुबुळ म्हणतेय. त्यावर पात घासली की ओरखडा पडतो, आणि पातीवर, भुसकटात, मातीत जी बुरशी असते ती त्या ओरखड्यातून आत शिरते. ही जखम पहिले दोन-तीन दिवस काही विशेष दिसत नाही. आता तुम्ही आणलेल्या ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड काय करतं तर शरीर जे जंतूंशी लढत असतं ती लढाईच दाबून टाकतं, लाली ही त्या लढाईची खूण असते म्हणून लाली जाते, ठणका कमी होतो, माणसाला वाटतं औषध लागू पडलं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. तुम्हाला दोन दिवस बरं वाटलं ते यामुळं.

बाटलीवर बारीक अक्षरात नाव असतं, ते वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन यातलं काहीही असलं तर तो ड्रॉप डोळ्याच्या डॉक्टरनं तपासल्याशिवाय घालायचा नाही. ही औषधं वाईट नाहीत, मी स्वतः रोज लिहून देते, ऑपरेशननंतर तर लागतातच, पण लाल डोळा हा एकच आजार नाही, आणि काउंटरपलीकडून बघून तो कोणता आहे हे कुणालाच कळत नाही, मलाही कळणार नाही.

दवाखान्यात काय करतात? डोळ्यात पिवळसर रंगाची पट्टी लावतात, मग निळ्या उजेडात जिथं जखम आहे तेवढाच भाग हिरवा चमकतो. पांढरा डाग असेल तर भूल देणारा थेंब टाकून त्यावरचं जरासं खरवडून काचपट्टीवर घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे दिसले की नाटामायसिन नावाचा ड्रॉप सुरू होतो. सुरुवातीला तासातासाला घालावा लागतो, पुढं काही आठवडे चालतो, आणि बाटली दर वेळी नीट हलवून घ्यायची कारण औषध तळाला बसतं. चिकाटी लागते. घरातल्या एका माणसानं तेवढंच काम अंगावर घेतलं तर जमतं. बरं झाल्यावर तिथं फूल, म्हणजे पांढरा डाग, राहतं, ते कडेला असलं तर नजरेला फार धक्का नाही, मधोमध असलं तर नजर जाते आणि मग नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवण्याची वाट बघावी लागते.

म्हणून पात, काडी, कुसळ काहीही लागलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, पट्टी बांधू नका, मध-तूप-आईचं दूध काही घालू नका, आणि जिभेनं कुसळ काढून देणाऱ्याकडं तर जाऊच नका, तोंडातले जंतू सरळ जखमेत जातात. त्याच दिवशी दाखवा. नेपाळात भक्तपूरला गावातल्याच आरोग्यसेवकांनी असे ओरखडे शोधून १८ तासांच्या आत साधं अँटिबायोटिक मलम सुरू केलं तर जखम चिघळलीच नाही, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. मलम साधंच होतं. वेळ साधली हे महत्त्वाचं.

प्रश्न : सासूबाईंना दोन वर्षांपासून मोतीबिंदू आहे. पोथी वाचता येईना, तांदूळ निवडता येईना, परवा चुलीपाशी हात भाजला. पण घरात सगळे म्हणतात अजून पिकला नाही, पिकला की थंडीत करू. आणि लेझरचं ऑपरेशन चांगलं का टाक्याचं?
— एक सून, सेलू

उत्तर : ताई, पिकायची वाट बघायचा काळ गेला. जुन्या पद्धतीत मोठा छेद घेऊन काम करायचे, तेव्हा मोती घट्ट झालेला बरा पडायचा, तिथून ही समजूत आली. आता उलटं आहे, मऊ असताना काढणं सोपं, कडक तपकिरी झाला की जास्त ताकद लावावी लागते आणि धोका वाढतो. फार पिकला तर तो फुगतो किंवा आतून गळतो, डोळ्यातलं प्रेशर चढतं, प्रचंड दुखतं, आणि मग घाईघाईत ऑपरेशन करूनही नजर पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. हात भाजला म्हणजे वेळ झाली. रोजच्या कामाला नजर पुरत नाही, एवढंच बघायचं असतं.

थंडीचंही तसंच. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, कधीही ऑपरेशन होतं, फक्त शुगर आणि बीपी आटोक्यात पाहिजे.

लोक ज्याला लेझर म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं, त्यात लेझर नसतं, ध्वनिलहरींनी मोती फोडून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेतात आणि घडीची लेन्स बसवतात. दुसरी पद्धत हातानं करायची, छेद सहा मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक वेळा बिनटाक्याचा, आणि चांगल्या हातानं केलं तर नजर दोन्हीत छान येते. पैसे नाहीत म्हणून फेको परवडत नाही आणि म्हणून थांबलोय, असं कुणी करू नका. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात होतं, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात होतं, शिवाय जालन्याचं गणपती नेत्रालय आहे, उदगीरचं लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाच्या वर ही ऑपरेशनं केली, मराठवाड्यातल्या माणसाला या ऑपरेशनची भीती वाटायचं खरंच काही कारण नाही.

अजून दोन गोष्टी. मोतीबिंदू ड्रॉपनं विरघळत नाही, कुणी कितीही सांगो. आणि ऑपरेशननंतर दुखायला लागलं, लाली वाढली किंवा दिसायचं कमी झालं तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत यायचं. वर्ष-दोन वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला म्हणतात, तसं नसतं, लेन्समागची पिशवी धूसर होते आणि ती पाच मिनिटांत साफ होते, तिथं मात्र खरंच लेझर वापरतात. सासूबाईंना शुगर असेल तर आधी डोळ्याच्या आतला पडदाही तपासून घ्या, बाहुली मोठी करणारा थेंब टाकून. पडदा खराब असेल तर मोती काढूनही पोथी वाचता येत नाही आणि दोष ऑपरेशनला जातो.

प्रश्न : डोळे आलेल्या माणसाकडं बघितलं की आपल्याला बी येतात का? वर्गात एकाला आले की सगळ्यांना येतात.
— इयत्ता नववी, कंधार

उत्तर : बाळा, बघून येत नाहीत, हातानं येतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ आली होती तेव्हाही हाच प्रश्न सगळीकडं होता. अशा साथी बहुतेक ॲडिनोसारख्या व्हायरसच्या असतात, ज्याचे आलेत तो डोळा पुसतो, त्याच हातानं बाक, पेन, बाटली धरतो, तू ते धरतोस आणि डोळा चोळतोस. टॉवेल वेगळा ठेव, हात साबणानं धू, आणि आलेच तर आठवडाभर घरी बस. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करायला असतो, साथ थांबवायला नाही. व्हायरसला अँटिबायोटिक लागू पडत नाही, डोळे सहसा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. फक्त नजर कमी झाली किंवा उजेड अजिबात सहन होईना झाला तर घरी थांबू नको.

प्रश्न : माझं लेकरू आठ वर्षांचं आहे, उन्हाळा लागला की डोळे सारखे चोळतंय, तारेसारखी चिकट घाण येती. डॉक्टरनं एकदा ड्रॉप लिहून दिलता, लगेच फरक पडला, तवापासून तीन वर्षं दर उन्हाळ्यात तोच आणतो. आता शाळेत फळ्यावरचं दिसेना म्हणायलंय.
— एक आई, जिंतूर

उत्तर : ताई, तुमची यात चूक नाही, एकदा लिहून दिलेलं औषध कधी थांबवायचं हे तुम्हाला नीट सांगायला पाहिजे होतं. ही ॲलर्जी आहे, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि धुळीत खूप दिसते, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त, आणि बहुतेकांची वयात येताना आपोआप कमी होते. पण तुम्ही बाटलीवरचं जे नाव लिहिलंय ते स्टिरॉइड आहे. खाज एका दिवसात थांबते म्हणून घरोघरी ते आवडतं, पण महिनोन्‌महिने घातलं तर लेकरालासुद्धा मोतीबिंदू होतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होतो. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

घाबरू नका, फळ्यावरचं न दिसणं हा साधा चष्म्याचा नंबरही असू शकतो. सारखं चोळून बुबुळ पातळ आणि टोकदार होण्याचाही एक आजार असतो, त्यातही नंबर वाढतो. यातलं नेमकं काय आहे हे तपासूनच कळतं, म्हणून या आठवड्यात न्या आणि वापरलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. तिथं सांगा की प्रेशर मोजा आणि बाहुली मोठी करून बघा. तोवर गार पाण्याची घडी ठेवा, माठातलं पाणी चालतं, बाहेर जाताना टोपी घाला. खाज थांबवणारे स्टिरॉइड नसलेले ड्रॉप असतात, ओलोपाटाडीन त्यातलंच, ते उन्हाळाभर घालता येतं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, काचबिंदू सांगितला आहे. ते म्हणतात मला स्वच्छ दिसतं, ड्रॉप घातल्यावर उलट दम लागतो, म्हणून त्यांनी बंद केला. त्यांना जुना दमा आहे. मोतीबिंदूसारखं याचंही ऑपरेशन करून टाकावं का?
— एक शिक्षक, अहमदपूर

उत्तर : गुरुजी, वडिलांचं म्हणणं खरं आहे, आणि ते ऐकून घ्यायला हवं होतं. काचबिंदूच्या ड्रॉपमध्ये टिमोलोल नावाचं औषध खूप वापरतात, चांगलं आणि स्वस्त आहे, पण दम्याच्या माणसाला चालत नाही. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि छाती आवळते. बाटलीवर ते नाव असेल तर तो ड्रॉप परत सुरू करू नका, पण औषधाशिवायही ठेवू नका, आजच डॉक्टरांना दम्याचं सांगा, दम्यात चालणारे दुसरे ड्रॉप आहेत.

स्वच्छ दिसतं हेही खरं आहे. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर, जे एरवी साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतं, ते बहुतेक वेळा वाढून मेंदूकडं जाणाऱ्या नसेला हळूहळू मारतं, आणि नजर कडेनं कमी होत जाते, मधली शेवटपर्यंत राहते. माणूस पेपर वाचतो आणि उंबऱ्याला ठेचकाळतो, बाजूनं आलेली मोटरसायकल त्याला दिसत नाही. काहींचं प्रेशर नॉर्मल असूनही नस खराब होते, म्हणून नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, नस बघावी लागते आणि कडेच्या नजरेचा टेस्ट करावा लागतो. ऑपरेशन आहे, पण ते प्रेशर उतरवायचं, गेलेली नजर आणायचं नाही.

थेंब घालताना एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा, औषध नाकात कमी उतरतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि गुरुजी, हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. तुम्ही, तुमची भावंडं, आत्या-काका, सगळ्यांनी तपासून घ्या, काही त्रास नसला तरी.

प्रश्न : नातवानं माझ्या तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबली, डोळ्यात उडाला. सुनेनं पदरानं पुसला आणि आम्ही गाडी करून तालुक्याला नेलं, तिथवर पाऊण तास गेला. आता बरा आहे पण डोळा लाल राहतोय. आमचं काय चुकलं?
— एक आजोबा, किनवट

उत्तर : आबा, मन खाऊ नका, तुम्ही लेकराला दवाखान्यात नेलंत. पण पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनीच लक्षात ठेवा, गाडी नंतर, पाणी आधी. चुना डोळ्याला चिकटून राहतो आणि आत आत जाळत जातो. लेकराला मांडीवर आडवं घ्या, एकानं पापण्या फाकवून धरा, दुसऱ्यानं तांब्यानं पाणी सोडत राहा, निदान अर्धा तास, रडलं तरी. विहिरीचं, हंड्यातलं, जे स्वच्छ असेल ते पाणी चालतं, लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात नाही. गाडीतसुद्धा बाटलीनं धुणं चालू ठेवा. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण अडकून बसतात, ते डॉक्टर पापणी उलटून काढतात.

नातवाचा डोळा अजून लाल आहे म्हणजे एकदा परत दाखवाच. पापणीखाली कण राहिलाय का, पापणी आतून डोळ्याला चिकटायला लागलीय का, प्रेशर किती आहे, हे तीनही बघायला सांगा, आणि पुढचे काही महिने बोलावतील तेव्हा न चुकता न्या. ट्यूब आता आढ्याजवळच्या फळीवर ठेवा, खुंटीला अडकवलेल्या सदऱ्याच्या खिशात नको, तिथं लेकराचा हात पोचतो.