विचारा तर खरं : कचऱ्याच्या ढिगातून पैसा निघतो का?

प्रश्न : बोरिवलीला बहिणीकडे गेलो होतो, तिथं दाजी सांगत होते की गोराईचा तो हिरवा डोंगर म्हणजे जुनं डंपिंग ग्राउंड, आणि त्यातल्या गॅसवर महापालिकेला कार्बन क्रेडिटचे कोट्यवधी मिळाले. खरंय का? आमच्या नगरपरिषदेच्या डेपोवर १५ वर्षांचा ढीग पडलाय, वासानं जेवण जात नाही, आणि आमचे नगरसेवक म्हणतात यातनंच पैसा काढू. निघेल?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दाजी बरोबर सांगतायत. कार्बन क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जाणं टाळल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र. गोराईला १९७२ पासून कचरा पडत होता, २००७ च्या शेवटी बंद केला, जवळपास २० हेक्टर जागा, साधारण २३ लाख टन कचरा. वरून झाकून आत पाइप घातले आणि एशियन डेव्हलपमेंट बँकेनं पुढच्या क्रेडिटपोटी सुमारे २५ कोटी अ‍ॅडव्हान्स दिला. अ‍ॅडव्हान्स हा शब्द लक्षात ठेवा, कारण क्रेडिट मिळतं ते मीटरवर मोजलेल्या गॅसचं, रिपोर्टमधल्या आकड्याचं नाही.

आता आत काय होतं बघा. कचरा दाबला गेला की हवा संपते आणि जंतू ओला कचरा खाऊन गॅस सोडतात, त्यात साधारण निम्मा मिथेन. ढिगात बोअर मारून भोकं पाडलेला पाइप सोडायचा, भोवती खडी, आणि ब्लोअरनं गॅस ओढून जाळायचा. जाळल्यावर पण कार्बन डायऑक्साइडच होतो ना, असं तुम्ही म्हणाल. होतो, पण तो भाजीपाल्यातनंच आलेला म्हणून हिशोबात धरत नाहीत, आणि मिथेन १०० वर्षांच्या हिशोबानं त्याच्या २५ पटीहून जास्त तापवतो, म्हणून १ टन जाळला की तेवढी क्रेडिट. ब्लोअर मात्र हळू चालवावा लागतो, जास्त ओढलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतनंच पेटू शकतो. शिवाय उघड्या ज्वाळेत सगळा मिथेन जळतोच असं नाही, त्यामुळे मोजमापाचे नियम तिथं निम्माच जळाला असं धरतात, बंद फ्लेअरला, म्हणजे झाकलेल्या भट्टीत जाळलं तर, ९० टक्के.

आपली गोची अशी की आपला कचरा ओला. भाजीची देठं, उरलेला भात, हे सगळं पहिल्या काही वर्षांतच कुजून जातं, वर पावसाळ्यात पाइपात काळं पाणी भरतं ते वेगळंच. म्हणून लँडफिल गॅसच्या, म्हणजे अशा ढिगांतल्या गॅसच्या, बऱ्याच प्रोजेक्टांना कागदावरच्यापेक्षा खूप कमी क्रेडिट मिळाली. त्यात भावही पडला, २००८ मध्ये २० युरोच्या आसपास असलेलं क्रेडिट २०१२ संपता संपता १ युरोच्याही खाली.

तुमच्या ढिगाचं म्हणाल तर आधी उंची मोजा. ५ मीटरच्या आत असेल तर हवा खेळती राहते आणि नियमाप्रमाणे मिथेन नीट दाबून झाकलेल्या ढिगाच्या ०.४ पटच धरतात, मग बोअर आणि ऑडिटचा खर्च पण निघायचा नाही. मला विचाराल तर जुन्या ढिगाचं बायोमायनिंग करून, म्हणजे तो खणून, चाळून, वेगळा करून, जागा मोकळी करा आणि रोजचा ओला कचरा बायोगॅस प्लांटला घाला, गॅस तिथं ताजा आणि जवळपास पूर्ण हातात येतो. नगरसेवकांना एवढंच विचारा, वर्गीकरण करून ओला कचरा रोज किती टन येतो? आकडा सांगता आला नाही तर क्रेडिटचं बोलणं राहू द्या.