2018 च्या मोनॅको शर्यतीत लेक्लेरची धडक दडपणामुळे की ब्रेकमुळे?

2018 च्या मोनॅको शर्यतीतल्या त्या धडकेबद्दल सहसा असा तर्क केला जातो: शार्ल लेक्लेरचं फॉर्म्युला वनमधलं ते पहिलंच वर्ष, तो मोनॅकोचाच म्हणून शर्यत घरच्या रस्त्यांवर, मग उतावीळपणे त्याने ब्रेक उशिरा मारला आणि ब्रेंडन हार्टलीच्या टोरो रोसो संघाच्या गाडीला मागून ठोकलं. तसं नाही. त्याच्या साउबर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दाबून गाडी थांबते) फुटली होती.

जागाही सगळ्यात वाईट. बोगद्यातून बाहेर पडताना गाडी ताशी 290 किमीच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला 80 मीटर. समोरच्या शिकेनसाठी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी) शंभरेक मीटरमध्ये वेग पार खाली आणायचा असतो. पेडल दाबलं आणि काही झालं नाही, हे मेंदूत शिरायला अर्धा सेकंद लागला तरी 40 मीटर गेले. आणि पुढे हार्टली नेहमीसारखा ब्रेक मारत होता.

आता, एकच डिस्क गेली तर बाकीची तीन चाकं गाडी का थांबवत नाहीत? नियमानुसार पुढच्या आणि मागच्या ब्रेकची हायड्रॉलिक लाइन वेगळी असते, पण पुढची दोन्ही चाकं एकाच लाइनवर असतात. डाव्या कॅलिपरच्या (डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागाच्या) पॅडना दाबायला डिस्कच उरली नाही की पिस्टन नुसतेच बाहेर सरकतात, तेल ती पोकळी भरायला जातं आणि पेडल खाली बसतं. दाब तयारच होत नाही, त्यामुळे उजवं चाक धडधाकट असूनही निकामी. उरली मागची दोन. ब्रेक मारताना वजन पुढे येतं म्हणून निम्म्याहून जास्त काम पुढच्या ब्रेकांचं असतं. मागच्यांवर तेवढा भार टाकला तर मागची चाकं लॉक होऊन (फिरायची थांबून) गाडी गरकन फिरते. त्या क्षणी अनुभवी ड्रायव्हरच्या हातातही फारसं काही नसतं.

डिस्क फुटते कशी, हा खरा प्रश्न. या डिस्क कार्बनच्या. 2018 मध्ये पुढच्या डिस्कची जाडी जास्तीत जास्त 32 मिमी चालायची आणि आत हवा खेळण्यासाठी हजारावर बारीक भोकं. गार असताना कार्बन नीट धरत नाही, आणि फार तापला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे अक्षरशः जळून झिजायला लागतो. पातळ डिस्क आणखी लवकर तापते, तापली की आणखी झिजते. हे चक्र एकदा सुरू झालं की शेवटच्या काही लॅपमध्ये झीज झपाट्याने वाढते.

मोनॅकोत वेग कमी, मग ब्रेकला आराम असेल असं वाटतं ना? उलट आहे. 3.337 किमीच्या लॅपमध्ये 19 वळणं, आणि दोन ब्रेकिंगच्या मध्ये डिस्क गार व्हायला पुरेसा सरळ रस्ताच नाही. त्यात पुढच्या गाडीला चिकटून चाललात तर डक्टमध्ये (ब्रेकला हवा पोचवणाऱ्या नळीत) तिचीच गरम, विस्कटलेली हवा शिरते. ओव्हरटेक जवळपास अशक्य, त्यामुळे चौदाव्या जागेवरून निघालेल्या गाडीच्या नशिबी बहुतेक वेळ रांगच. म्हणजे शनिवारच्या क्वालिफाइंगमध्ये (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत) मागे राहिलात तर त्याची किंमत रविवारच्या शर्यतीत ब्रेकमधूनही वसूल होते. क्वालिफाइंगनंतर डक्टचं माप बदलायलाही सहसा परवानगी नसते.

शर्यतीत करण्यासारख्या गोष्टी मोजक्या. ब्रेकिंगच्या 50-100 मीटर आधी थ्रॉटल सोडून गाडी घरंगळू द्यायची, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली कामाची वाटणी) थोडा मागे घ्यायचा, पुढच्या गाडीशी दोनेक सेकंदांचं अंतर ठेवायचं. कॅलिपरवरच्या सेन्सरमुळे पिटमध्ये बसलेल्या टीमला झीज आणि तापमान दिसत असतं, पण शेवटी कुणाच्या तरी मागे लागलेल्या नवख्याला ‘अंतर ठेव’ सांगणं आणि त्याने ते ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्याच शर्यतीत आघाडीवरच्या डॅनियल रिकार्डोचं एमजीयू-के (मागची चाकं थांबवायला मदत करून तीच ऊर्जा पुन्हा ताकद म्हणून देणारी मोटर) बंद पडलं, सुमारे 160 हॉर्सपॉवर गेली आणि मागचे ब्रेक तापायला लागले. त्याने बायस पुढे सरकवला, गाडी सांभाळत नेली आणि जिंकला. त्याच्यापुढे मोकळी हवा होती, हा फरक विसरू नका.

लेक्लेर निकालात 18 वा दिसतो तो यामुळे, की धडक झाली तेव्हा 78 पैकी आठेक लॅपच उरल्या होत्या आणि 90 टक्के अंतर झालं की गाडी निकालात धरतात.

2024 मध्ये तो मोनॅकोत जिंकेपर्यंत ‘घरच्या मैदानाचा शाप’ वगैरे बोललं जायचं, पण प्रत्येक वेळचं कारण वेगळं होतं. 2019 मध्ये रास्कास नावाच्या वळणावर ओव्हरटेक करताना गाडी घासली, ती जोखीम त्याची स्वतःची. 2021 मध्ये पोल (सर्वात पुढची जागा) मिळूनही डाव्या ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) हब गेल्याने तो सुरुवातच करू शकला नाही. 2018 ची फाइल मात्र ब्रेकच्या खात्यातच ठेवायची.

अशी धडक पुन्हा कुठे दिसली तर ऑनबोर्डवर (गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात) पुढची चाकं बघा. उशिरा ब्रेक मारला असेल तर ती लॉक होतात आणि टायरमधून धूर निघतो. पुढचे ब्रेकच गेले असतील तर ती धडकेपर्यंत निवांत फिरत राहतात.