बेअरिंग बदललं आणि मॉडेल लाल झालं

पत्र : मॅडम, मी कोल्हापूरजवळच्या गावात राहते. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनवतात तिथे) कामाला आहेत. गेल्या वर्षी क्लास लावून ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स शिकले. २२ मॉडेल्स केली. व्ही-८ इंजिन, रोबोटिक आर्म, ड्रोन असं सगळं आहे त्यात. सगळ्यांचे रेंडर (फोटोसारखी चित्रं) काढून पोर्टफोलिओ बनवला. मागच्या महिन्यात भोसरीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. त्यांनी माझं बेअरिंग हाउसिंगचं मॉडेल उघडायला लावलं आणि म्हणाले, "६२०६ ऐवजी ६२०७ बसव." मी बोअर (बेअरिंग बसायचं भोक) बदलला तर फीचर ट्रीत, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, सगळीकडे लाल खुणा. "कळवतो" म्हणाले, अजून काही कळवलं नाही. क्लासचे सर म्हणतात कॅटिया, एनएक्स, क्रिओ आणि अ‍ॅनालिसिस असा एकत्र मास्टर कोर्स कर, फी ६८ हजार. आई कर्ज काढायला तयार आहे. करू का? की थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाऊ? सर असंही म्हणतात की मुलींनी डिझाइनमध्येच राहावं, शॉपफ्लोअरच्या भानगडीत पडू नये. आणि मुलाखतीत मराठीत बोललं तर चालतं का?

उत्तर :

कोर्स करू नकोस. निदान आत्ता तरी नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

तुला विचारलेला प्रश्न अवघड नव्हता, तिरकसही नव्हता. डिझाइन खात्यात रोज हेच चालतं. ग्राहक म्हणतो लोड वाढलाय, एक नंबर मोठं बेअरिंग टाका. ६२०६ म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, रुंदी १६. ६२०७ म्हणजे ३५, ७२ आणि १७. म्हणजे हाउसिंगचा बोअर ६२ चा ७२ करायचा आणि बेअरिंग बसण्याची खोली एक मिलिमीटरने वाढवायची. दोन आकडे. एवढ्यावर तुझं मॉडेल कोसळलं. का कोसळलं ते समजून घेतलंस तर ६८ हजार वाचतील, आणि पुढची मुलाखतही वेगळी जाईल.

पत्रासोबत पाठवलेल्या फाइलचा स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. सुरुवातीलाच बेसच्या कडा फिलेट (गोल) केल्या आहेत. मग त्या फिलेट झालेल्या पृष्ठभागावर पुढचं स्केच. बोअरची जागा बेसच्या डाव्या कडेपासून मोजलेली. स्केचमधल्या बऱ्याच रेषा निळ्या. सॉलिडवर्क्समध्ये निळी रेषा म्हणजे तिला अजून पुरती मापं किंवा बंधनं दिलेली नाहीत, ती हलू शकते. काळी झाली की पक्की. आता सॉफ्टवेअरच्या बाजूने विचार कर. तू त्याला सांगितलं होतंस की हा फिलेट अमुक कडेवर दे. मागचं माप बदलल्यावर ती कडच उरली नाही. ते बिचारं काय करणार? लाल खूण दाखवून गप्प बसलं.

हीच वस्तू नव्याने कर, पण आधी कागदावर. हाउसिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय? बेअरिंगचा अक्ष. म्हणून ओरिजिन त्या अक्षावर घे, आणि बेस त्या अक्षाच्या खाली इतका, असं सेंटर हाइटने माप दे. डावी-उजवी बाजू मधल्या प्लेनभोवती सिमेट्रिक ठेव. आधी मुख्य आकार, मग बोअर, मग बोल्टची भोकं, मग रिब (आधाराच्या पट्ट्या). फिलेट आणि चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा) सगळ्यांच्या शेवटी. एकही रेषा निळी राहू देऊ नकोस.

आता खरी गोम. समज, तुझं मॉडेल लाल झालंच नसतं. बोअर गुमान ७२ झाला असता, पण बाहेरचा बॉस (बोअरभोवतीचा गोल उंचवटा) ८६ चाच राहिला असता. आधी भिंत १२ मिलिमीटर होती, आता राहिली ७. स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि पार्ट चुकीचा. ही चूक लाल खुणेपेक्षा वाईट, कारण ती कोणाला दिसत नाही. म्हणून बाहेरचा व्यास ८६ असा टाइप करायचा नाही, "बोअर अधिक २४" असं समीकरण द्यायचं. बोअर ७२ केला की बॉस आपोआप ९६. मुलाखत घेणाऱ्याला खरं तर हे पाहायचं असतं: या पोरीला माहीत आहे का, की कुठला आकडा कुठल्या आकड्यावर अवलंबून आहे?

हे कॅटियात, एनएक्समध्ये, क्रिओमध्ये तंतोतंत असंच आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअर बाजारात आलं (आजच्या क्रिओचा पूर्वज) आणि स्केच, फीचर, बदलता येणारं माप ही पद्धत रुळली. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने तीच साध्या विंडोज संगणकावर आणली. बटणं वेगळी, डोकं एकच. एकात पक्की झालीस तर दुसरं सॉफ्टवेअर कंपनीत गेल्यावर काही आठवड्यांत हाताखाली येतं. एकात कच्ची असशील तर चार सॉफ्टवेअर शिकून चार ठिकाणी लाल खुणा दिसतील.

ऑटोकॅडबद्दलही थोडं. ऑटोकॅडमध्येही सॉलिड करता येतात: एक्स्ट्रूड, रिव्हॉल्व्ह, युनियन, सबट्रॅक्ट. पण तिथे सॉलिडवर्क्ससारखी मागे जाऊन माप बदलण्याची सोय नाही, त्यामुळे मशीन पार्टसाठी त्यात थ्रीडी करत बसू नकोस. टूडी ड्रॉइंग वाचणं-सुधारणं यासाठी मात्र ते हातात असू दे. छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी ड्रॉइंग्ज अजून ऑटोकॅडमध्येच पडून असतात.

आता पोर्टफोलिओ. व्ही-८ इंजिन काढून टाक. वाईट वाटेल, पण ते मॉडेल तुझं नाही, व्हिडिओ बनवणाऱ्याचं आहे. तेच इंजिन, त्याच लाल रंगात, मी इतक्या मुलांच्या फाइलमध्ये पाहिलंय की आता पान उलटायच्या आधीच पुढे काय येणार ते कळतं. ड्रोनही काढ. तीनच वस्तू ठेव, पण अशा की ज्यांच्याबद्दल तुला अर्धा तास बोलता येईल.

त्यातली एक खरी वस्तू असू दे. भंगारातून एखादा जुना पंपाचा किंवा मोटरचा भाग आण, व्हर्निअरने माप आणि मॉडेल कर. बाबांच्या शॉपमधली पॅटर्न किंवा ड्रॉइंग मात्र वापरू नकोस. ती ग्राहकाची असतात. मुलाखतीत ती दाखवलीस तर समोरचा माणूस पहिला विचार हाच करेल की उद्या ही आमचीही अशीच बाहेर दाखवेल.

प्रत्येक वस्तूला तीन पानं पुरेत. पहिल्या पानावर पूर्ण ड्रॉइंग: व्ह्यू, सेक्शन, मापं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), मटेरिअल, टायटल ब्लॉक (कोपऱ्यातली माहितीची चौकट). दुसऱ्यावर सेक्शन केलेलं मॉडेल आणि शेजारी फीचर ट्री, फीचरला नीट नावं देऊन. "बॉस-एक्स्ट्रूड ७" काय आहे ते तुलाच सहा महिन्यांनी कळणार नाही. तिसऱ्यावर खऱ्या वस्तूचा फोटो आणि तुझी मापं. चकाचक रेंडर हवाच असेल तर कोपऱ्यात लहानसा. काचेच्या टेबलावर ठेवलेल्या, खाली प्रतिबिंब पडलेल्या हाउसिंगने कोणाचंच मन वळत नाही.

ड्रॉइंगमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात, तुझ्याही चुकल्या आहेत. पहिली, प्रोजेक्शन, म्हणजे कागदावर कुठला व्ह्यू कुठे मांडायचा ते. डिप्लोमात तू फर्स्ट अँगल शिकलीस, भारतीय मानक तेच सांगतं. पण तुझी शीट अमेरिकन टेम्प्लेटवर आहे आणि व्ह्यू थर्ड अँगलने लागलेत. अमेरिकन ग्राहकांचं काम करणाऱ्या कंपन्यांत थर्ड अँगलच चालतो, त्यामुळे तो गुन्हा नाही. गुन्हा हा की टायटल ब्लॉकमध्ये चिन्हच नाही. मशिनवरच्या माणसाने कसं ओळखायचं, की डावीकडचा व्ह्यू डावीकडून पाहिलेला आहे की उजवीकडून? दुसरी, बोअरला तू नुसतं ६२ लिहिलंय. बेअरिंग बसायचं आहे, तर ६२ एच-७ लिही, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० च्या दरम्यान. आणि बेसच्या ज्या बाजूला काहीच बसत नाही तिथे असा टॉलरन्स देऊ नकोस. उगाच खर्च वाढतो.

वजनही बघ. तू ड्रॉइंगवर हाउसिंगचं वजन लिहिलंयस, ते खऱ्या वजनाच्या साधारण सातवा हिस्सा आहे. कारण मटेरिअल निवडलंच नाहीस. मटेरिअल न दिल्यास सॉलिडवर्क्स पाण्याची घनता धरतं. ग्रे कास्ट आयर्नची त्याच्या सातपटीहून थोडी जास्त, घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम. फाउंड्रीत भाव किलोवर ठरतो हे कोल्हापूरच्या मुलीला मी काय सांगायचं!

आणि इथेच तुझ्याकडे जे आहे ते पुण्याच्या क्लासमधल्या मुलांकडे नाही. तुझ्या घरात पॅटर्नवाला माणूस आहे. मॉडेल झालं की बाबांना दाखव आणि दोनच प्रश्न विचार : हे साच्यातून निघेल का? आणि पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेषा) कुठे घ्याल? ते लगेच बोट ठेवतील. इथे भिंत उभी आहे, एक-दोन अंशांचा ड्राफ्ट (उतार) दे, नाहीतर पॅटर्न काढताना वाळू फाटेल. इथे जाड भाग पातळ भागाला एकदम मिळतोय, आत पोकळी राहील. त्यांची मोजपट्टी हातात घेऊन बघ. ती साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते, कारण ग्रे आयर्न थंड होताना सुमारे १ टक्का आक्रसतं; ३०० मिलिमीटरच्या कास्टिंगसाठी पॅटर्न ३०३ चा लागतो. आणि ७२ चा बोअर कास्टिंगमध्ये ७२ नसतो. बाजूला तीन-तीन मिलिमीटर मशिनिंगला ठेवले तर तो ६६ चा येतो.

मग एकाच हाउसिंगची दोन मॉडेल्स कर, एक कास्टिंगचं आणि एक मशिनिंग झाल्यानंतरचं. सॉलिडवर्क्समध्ये कॉन्फिगरेशन वापरून एकाच फाइलमध्ये होतं. कास्ट पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिप्लोमाच्या मुलीने हे उघडून दाखवलं तर समोरचा खुर्चीत सावरून बसेल.

दाखवतानाही पद्धत ठेव. फीचर ट्रीच्या तळाशी जी आडवी पट्टी असते, रोलबॅक बार, ती सगळ्यात वर ओढ आणि एकेक पायरी खाली आणत बोल : "अक्ष इथे घेतला, कारण बेअरिंग इथे बसतं. हा बॉस बोअरवर अवलंबून आहे. ही रिब लोडच्या दिशेने आहे." त्यांनी विचारायच्या आधीच म्हण, "६२०७ बसवून दाखवू?" आणि दाखव. त्याआधी घरी ६२०५, ६२०८, ६२१० सगळी बसवून मॉडेल मोडतंय का ते बघून ठेव. मोडेल तिथे दुरुस्त कर. या सरावाला क्लास लागत नाही.

सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरत असशील (पत्रात लिहिलं नाहीस, पण क्लासच्या पेन ड्राइव्हमधून काय येतं ते मला माहीत आहे) तर बंद कर. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देतं, त्यांच्याच फ्यूजन या थ्रीडी सॉफ्टवेअरची घरगुती आवृत्तीही फुकट आहे, आणि फ्रीकॅड तर कोणालाही कायमचं मोफत. त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. मागचं माप बदललं की पुढचे फिलेट चुकीच्या कडेला चिकटायचे, हे त्याचं जुनं दुखणं या आवृत्तीत बरंच कमी झालंय.

प्रमाणपत्र हवंच असेल तर सीएसडब्ल्यूए ही सॉलिडवर्क्सची पहिली परीक्षा दे. तिच्यात पार्ट बनवायला देतात आणि वजन विचारतात, मग काही मापं बदलून पुन्हा वजन विचारतात. म्हणजे भोसरीतलाच प्रश्न. फी मास्टर कोर्सच्या आसपासही नाही.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे गुण बघतात. गुण बरे असतील आणि घरची फी द्यायची तयारी असेल तर जा. पण माझं मत विचारशील तर आधी एक वर्ष अ‍ॅप्रेंटिसशिप कर. निकाल लागला की केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर नोंदणी कर. स्टायपेंड नोकरीच्या पगाराएवढा नसतो, पण घरून कमी पैसे मागवावे लागतील. आणि वर्षभराने इंजिनिअरिंगला जाता येतंच. टूल डिझाइनची ओढ वाटली तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स बघ. तिथे मॉडेलबरोबर मशिनवरही हात बसतो.

यातून सरांच्या शॉपफ्लोअरबद्दलच्या सल्ल्याचं उत्तर मिळालंच असेल. अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये डिझाइन खातं मिळालं तरी पहिले तीन महिने शॉपफ्लोअर मागून घे. आपण ड्रॉइंगवर काढलेल्या भोकात ड्रिल पोहोचतच नाही, हे मशिनपाशी उभं राहिल्यावर जितकं लवकर कळतं तितकं संगणकावर कळत नाही. मुलगी आहेस म्हणून तुला एसी केबिनमध्ये बसवलं तर तू दोन वर्षांनी मागे पडशील, आणि मग म्हणतील मुलींना प्रॅक्टिकल येत नाही.

मराठीत बोललं तर चालतं. भोसरीत, चाकणला, सातपूरला मुलाखत घेणारे निम्मे लोक स्वतःच दोन प्रश्नांनंतर मराठीवर येतात. परदेशी ग्राहक सांभाळणारी कंपनी असेल तर मॉडेल समजावण्यापुरतं इंग्रजी लागेल, तेवढं आरशासमोर तयार कर. ड्रॉइंगवरच्या नोट्स मात्र इंग्रजीतच आणि बिनचूक हव्यात. न दिलेले फिलेट तीनचे, धारदार कडा मोडाव्यात, कास्टिंगमध्ये ब्लो होल चालणार नाही, अशा ठरलेल्या दहा-बारा नोट्स असतात. एखाद्या चांगल्या ड्रॉइंगवरून त्या वहीत उतरवून घे. तुझ्या शीटवर फिलेटचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे आहे, ते आधी सुधार.